ऑटोपिया: कोणी बसावं, कधी बसावं आणि गाडी कशी चालवावी

कॅलिफोर्नियात ॲनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये, टुमॉरोलँड विभागात, ऑटोपिया नावाची छोट्या मोटारगाड्यांची राइड आहे. १७ जुलै १९५५ ला पार्क उघडलं त्याच दिवशी ती सुरू झाली. त्या दिवशीच्या टुमॉरोलँडमधली नाव आणि स्वरूप टिकवून राहिलेली ही एकच राइड. पेट्रोलचा वास, खडखडाट, उन्हातली रांग आणि ताशी जेमतेम दहा-अकरा किलोमीटरचा वेग हे वर्णन ऐकलं की मोठी माणसं यादीतून तिच्यावर फुली मारतात. बरोबर पाच ते बारा वर्षांचं मूल असेल तर ती फुली मारू नये. पार्कमधल्या बाकी बहुतेक राइडमध्ये मूल नुसतं बसतं आणि यंत्र त्याला फिरवून आणतं. इथे मुलाने पाय दाबला तरच गाडी हलते आणि पाय उचलला की थांबते. हे त्याला पहिलं वळण येण्याआधीच कळतं, आणि मग चेहराच बदलतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. इथे लिहिलंय ते पेट्रोलच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांबद्दल. २०२४ मध्ये पार्कने जाहीर केलं की ही इंजिनं काढून राइड पूर्णपणे विजेवर आणणार, आणि त्यासाठी २०२६ च्या शरद ऋतूपर्यंतची मुदत सांगितली. एवढं मोठं काम राइड बंद ठेवल्याशिवाय होत नाही. म्हणून तिकिटं काढण्याआधी पार्कच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर बंद राइडची यादी बघा. मुलाला महिनाभर आधीपासून "तुला गाडी चालवायला मिळणार" असं सांगून ठेवायचं आणि तिथे जाऊन कुंपण बघायचं, हे टाळता येतं.

आता उंचीचा नियम, कारण सगळा बेत त्यावर ठरतो. राइडमध्ये बसायला किमान ३२ इंच, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटर उंची लागते. एकट्याने गाडी चालवायला ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट किंवा १३७ सेंटिमीटर लागते. या दोहोंच्या मधल्या मुलाबरोबर ५४ इंचांपेक्षा उंच कोणीतरी गाडीत हवं. आपल्याकडची मुलं साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास ५४ इंच गाठतात, पण ते सरासरीचं गणित झालं. घरी भिंतीला टेकवून मापून घ्या आणि निकाल मुलाला तिथेच सांगा. प्रवेशापाशी कर्मचारी मापपट्टीला उभं करून बघतात आणि अर्ध्या इंचासाठीही सूट देत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण उंचीचा संबंध पाय पेडलपर्यंत पोहोचण्याशी आहे. दुसरा नियम पार्कच्या सगळ्याच राइडना लागू आहे आणि तो लोकांच्या लक्षात राहत नाही: सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडमध्ये चढणारी व्यक्ती किमान १४ वर्षांची हवी. म्हणजे दहा वर्षांची ताई ५४ इंच भरली तरी पाच वर्षांच्या भावाला शेजारी बसवून नेऊ शकत नाही. ती एका गाडीत एकटी, भाऊ दुसऱ्या गाडीत आई किंवा बाबांबरोबर, अशी विभागणी आधीच करून ठेवावी. नाहीतर हा वाद रांगेच्या तोंडाशी होतो आणि मागची माणसं खोळंबतात.

गाडीत माणसं दोन. दोघंही मोठे आणि अंगाने भरलेले असतील तर खांद्याला खांदा लागतो. बैठक जमिनीपासून फारच खाली आहे. बाजूने पाय आत टाकून खाली बसावं लागतं आणि उतरताना हातावर जोर देऊन उठावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना हा भाग जड जातो, राइड नाही. साडी असेल तर पदर आणि निऱ्या, ड्रेस असेल तर ओढणी मांडीखाली नीट दाबून बसावं. गाडी उघडी आहे, बाजूला दार नाही. पाठीच्या किंवा मानेच्या दुखण्याची माणसं आणि गरोदर बायका यांनी बसू नये असं तिथल्या सूचनांमध्ये सांगितलंय. इतक्या हळू चालणाऱ्या राइडला ही ताकीद कशाला, असं वाटेल. कारण पुढे येतंच.

गाडीची रचना समजली की चालवणं निम्मं सोपं होतं. पेडल एकच आहे. दाबलं की रेस मिळते आणि गाडी पुढे जाते. सोडलं की ब्रेक लागतो. वेगळा ब्रेक नाही, क्लच नाही, गिअर नाही. इंजिन जनरेटरला असतं तसं लहान, आणि ते तुमच्या पाठीमागेच धडधडत असतं. रस्त्याच्या मधोमध एक रूळ आहे आणि गाडी तो रूळ पोटाखाली घेऊन चालते. स्टिअरिंग खरं आहे, पुढची चाकं त्याने खरंच वळतात. पण गाडी डावी-उजवीकडे थोडीशीच सरकू शकते, की खालून रूळ लागतो आणि ती हिसका देऊन परत आत येते. स्टिअरिंग डाव्या बाजूला असतं. भारतात गाडी चालवणाऱ्याला गाडीचा मध्य आपल्या उजव्या हाताला असायची सवय नसते. गाडी उगाच एका बाजूला जातेय असं त्याला वाटतं, आणि तो सारखा दुसरीकडे ओढत राहतो. सगळ्यात जास्त आपटाआपटी अशाच गाडीची होते.

चालवण्याची पद्धत मुलाला रांगेतच समजावून सांगावी, कारण गाडीत बसल्यावर इंजिनांच्या आवाजात शेजारचं बोलणं नीट ऐकू येत नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी पण सैल धरायचं. नजर बॉनेटवर नको, दोन गाड्या पुढच्या रस्त्यावर हवी. वळण सुरू होण्याच्या थोडं आधी स्टिअरिंग जरासं वळवायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. रूळ लागून हिसका बसला तर घाबरून पूर्ण उलटं फिरवायचं नाही, कारण मग गाडी लगेच दुसऱ्या बाजूने आदळते आणि हे चक्र वळण संपेपर्यंत थांबत नाही. हिसका बसल्यावर क्षणभर स्टिअरिंग सोडल्यासारखं सैल केलं तरी गाडी आपोआप रुळाला धरून सरळ होते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंगला जो प्ले, म्हणजे सैलपणा, आहे तो असू द्यावा. बारीकसारीक दुरुस्त्या करत राहिल्याने उलट जास्त डुगडुगते. ज्या मुलाला हे जमतं त्याची गाडी चांगली लांबवर एकही धक्का न खाता जाते. हे या राइडमधलं खरं कौशल्य आहे, आणि मुलं दुसऱ्या फेरीत ते स्वतःहून मोजायला लागतात.

पेडलचा प्रश्न मात्र स्टिअरिंगपेक्षा मोठा. पूर्ण वेग हवा तर ते शेवटपर्यंत दाबून धरावं लागतं आणि त्याला जोर लागतो. चार फुटांच्या मुलाचा पाय पोहोचतो, पण तो धड पाठ टेकून बसू शकत नाही. घसरत घसरत बैठकीच्या कडेवर येतो, मग त्याचा चेहरा स्टिअरिंगच्या जवळ येतो आणि मागून धक्का बसला तर ओठ किंवा हनुवटी आपटते. म्हणून सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलाला फक्त स्टिअरिंग द्यावं, पाठ टेकवून बसवावं, आणि पेडल शेजारच्या मोठ्या माणसाने पाय पुढे करून सांभाळावं. मुलाला यात फसवल्यासारखं वाटत नाही. त्याच्या लेखी गाडी चालवणं म्हणजे स्टिअरिंग. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पेडल द्यायला हरकत नाही, पण आपला हात त्याच्या छातीसमोर आडवा तयार ठेवावा.

धक्के बसतात ते का, तेही बघू. समोरच्या गाडीला ठोकायचं नाही असा स्पष्ट नियम आहे आणि कर्मचारी तो वारंवार सांगतात. तरी ठोकर बसतेच. मूल पाय उचलायला उशीर करतं, आणि ब्रेक लागला तरी गाडी जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढे जातेच. गाड्या एका पट्टीत एकामागे एक असतात, मागे टाकून पुढे जायची सोय नाही. पुढच्या एकाने घाबरून पाय उचलला की मागच्या चार-पाच गाड्या एकमेकींवर येतात. चारी बाजूंचा बंपर गाडीला वाचवतो, मानेला नाही. मघाच्या पाठदुखीच्या सूचनेचं कारण हे. पुढच्या गाडीपासून एका गाडीचं अंतर ठेवा. थांबावं लागलं तर मागे एकदा वळून बघा, आणि मागची गाडी येताना दिसली तर डोकं मागे टेकवा. फोन हातात धरून चित्रण करणाऱ्यांचे फोन नेमके अशाच वेळी खाली पडतात. खाली पडलेली वस्तू काढायला गाडीतून उतरायचं नाही, कर्मचाऱ्याला हात करायचा.

गाडी मध्येच बंद पडली तरी उतरायचं नाही. जुन्या राइडमध्ये हे अधूनमधून होतंच. कर्मचारी कडेने चालत येतात, इंजिन पुन्हा सुरू करून बघतात, नाहीतर गाडी पुढे काढतात. तोवर मागची सगळी रांग उभी. त्या वेळी प्रत्येक गाडीचं इंजिन चालूच असतं आणि तुमच्या तोंडासमोर पुढच्या गाडीचा धूर असतो. राइडचा खरा दोष हाच. रस्ता झाडांमधून जातो, मोकळ्या भागात वास जाणवत नाही. पण चढण्या-उतरण्याच्या जागेजवळ गाड्या दाटीने उभ्या असतात आणि राइड संपताना उतरायची पाळी येईपर्यंत त्या धुरात बसून राहावं लागतं. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला न्यायचं असेल तर सकाळी पार्क उघडल्यावर लगेच न्या, तेव्हा गाड्या कमी असतात आणि शेवटचं थांबणं लांबत नाही. उलटी होण्याचा त्रास असणाऱ्याने जेवणानंतर लगेच बसू नये. वळणांनी काही होत नाही, वासाने मळमळतं.

वेळेबद्दल अजून थोडं. दुपारी बारा ते चारमध्ये जाऊ नका. रांगेचा काही भाग उन्हात आहे, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या उन्हात तापलेल्या इंजिनाला पाठ लावून बसणं हे वेगळंच प्रकरण. सकाळी पहिल्या तासात सगळी गर्दी स्पेस माउंटनकडे आणि नव्या विभागांकडे पळते, तेव्हा ऑटोपिया जवळजवळ मोकळी असते. ती वेळ हुकली तर थेट संध्याकाळी जा. अंधार पडल्यावर हवा थंड होते आणि झाडांमधला रस्ता दिवसापेक्षा छान दिसतो. पैसे भरून रांग टाळायची लाइटनिंग लेनची सोय इथे आहे, पण केवळ या राइडसाठी ती विकत घेऊ नये. आधीच घेतली असेल तर दुपारी वापरायला ठीक. फेरी पाच-सहा मिनिटांची आहे. त्यासाठी पाऊण तास उभं राहणं मोठ्यांना जमेल, पाच वर्षांच्या मुलाला नाही.

रस्त्यात बघण्यासारखं काय? डोक्यावरून मोनोरेलचा मार्ग वळणं घेत जातो, आणि मोनोरेल आली तर मुलं स्टिअरिंग विसरून वर बघतात. तेव्हाच आदळतं, म्हणून पेडल त्या वेळी मोठ्यांनी सैल सोडावं. १९९५ मध्ये बंद झालेल्या पीपलमूव्हर या जुन्या राइडचा रिकामा काँक्रीट मार्गही वरून जाताना दिसतो. बाकी देखाव्यात फारसं काही नाही, आणि नसलेलंच बरं. चालवणाऱ्याला बघायला वेळ नसतो.

रूळ बसवला कशाला, हा प्रश्न मोठी मुलं विचारतात. उत्तर असं की सुरुवातीला तो नव्हताच. १९५५ मध्ये या गाड्या बॉब गर या तरुण मोटार-डिझायनरने घडवल्या, सांगाडा लहान, वर फायबरग्लासची बॉडी. मोकळ्या रस्त्यावर मुलांनी त्या मनसोक्त चालवल्या, आडव्या घातल्या, समोरासमोर ठोकल्या, आणि थोड्याच दिवसांत बऱ्याच गाड्या दुरुस्तीला गेल्या. गाड्यांच्या आवृत्त्या बदलत गेल्या, बंपर मजबूत होत गेले, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यावर मधला रूळ आला. अमेरिकेतला आंतरराज्य महामार्गांचा कायदा १९५६ चा आहे, म्हणजे ऑटोपिया त्याच्याही आधीची. कडेला कठडे, वर-खाली जाणारे पूल, एकाच दिशेने वाहणारी रहदारी हे सगळं त्या काळच्या मुलांना उद्याच्या जगाचं दृश्य होतं. शेवरॉन या तेल कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली टुमॉरोलँड आणि फँटसीलँड या शेजारच्या दोन ऑटोपिया जोडून २००० मध्ये आजची लांब राइड झाली आणि तीन वेगवेगळ्या ढंगांच्या बॉडी आल्या. २०१६ मध्ये होंडा प्रायोजक म्हणून आली, इंजिनंही नवी आली. पण रूळ, एकच पेडल आणि पाठीमागचं इंजिन ही घडण तीच राहिली.

१९५७ ते १९६६ या काळात अगदी लहान मुलांसाठी मिजेट ऑटोपिया नावाची वेगळी राइड होती. नंतर ती वॉल्ट डिस्नेंचं बालपण जिथे गेलं त्या मिसुरीतल्या मार्सेलीन गावाला भेट दिली गेली. ती जाणं हे आजही जाणवणारं नुकसान आहे. त्या मुलांच्या मापाची गाडी आता पार्कमध्ये नाही, आणि म्हणूनच आई-बाबांना शेजारून पाय लांब करून पेडल दाबत बसावं लागतं.

विजेवर जाण्याचा निर्णय योग्य आहे आणि तो उशिरा झाला. ज्या कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा करून नव्या पेट्रोलच्या गवतकापणी यंत्रांची विक्री २०२४ पासून थांबवायची वाट धरली, त्याच राज्यात उद्याचं जग दाखवणाऱ्या विभागात मुलं धूर गिळत होती. विजेची ऑटोपिया चालू शकते हे डिस्नेने स्वतःच दाखवून दिलेलं आहे. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये २००६ ते २०१६ या काळात विजेवरच्या गाड्यांची ऑटोपिया होती. बदल करताना दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत. एक, पेडल आणि वेग यांचा थेट संबंध राहिला पाहिजे. संगणकाने सगळ्या गाड्या ठरावीक अंतरावर आपोआप पळवल्या तर धक्के बसणार नाहीत, पण मग मूल परत नुसतं बसणारच झालं. दुसरं, पेडल हलकं करावं आणि पुढे-मागे सरकवता यावं. विजेच्या मोटरला जोर लावून दाबायच्या पेडलची गरज नाही. हे झालं तर सहा वर्षांचं मूल पाठ टेकून स्वतः चालवू शकेल, जे आजवर जमलेलं नाही.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये याच जातीची टुमॉरोलँड स्पीडवे आहे, १ ऑक्टोबर १९७१ पासून. उंचीचे नियम तेच, एकच पेडल, मध्ये रूळ. रस्ता मात्र जास्त सपाट, झाडी कमी, आणि शेजारच्या ट्रॉन राइडला जागा देताना २०१९ मध्ये तो थोडा कापलाही गेला. दोन्हीकडे जाणार असाल तर वेळ ॲनाहाइमला द्या, फ्लोरिडात सकाळची मोकळी वेळ मिळाली तरच.

आणि मुलाला रूळ नसलेली गाडी चालवायचीच असेल तर ॲनाहाइमहून दक्षिणेला, गाडीने साधारण तास-दीड तासावर, कार्ल्सबॅडचं लेगोलँड आहे. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ६ ते १३ वर्षांची मुलं विजेवरच्या छोट्या गाड्या सिग्नल आणि चौकांच्या रस्त्यावर एकटी चालवतात, ३ ते ५ वर्षांच्यांसाठी वेगळा छोटा रस्ता आहे. आई-बाबांनी बाहेर कठड्यापाशी उभं राहायचं. लेगोलँडची ही कल्पना डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या पहिल्या पार्कपासूनची, १९६८ ची आहे. मुलगा किंवा मुलगी सहा ते नऊ वर्षांची असेल आणि एका दिवसाचं वेगळं तिकीट परवडत असेल, तर गाडी चालवण्याच्या आनंदासाठी आमची पसंती लेगोलँडलाच. तीन-साडेतीन फुटांच्या मुलाला बाबांच्या शेजारी बसून मोठ्यांच्या रस्त्यावर जायचं असेल, किंवा नुकतीच ५४ इंच भरलेल्या मुलीला एकटीने गाडी घेऊन डोळ्यांआड जायचं असेल, तर ऑटोपिया. चौदा वर्षांच्या मुलाला तर लेगोलँडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रवेशच नाही.